हृदयाचा सीटी स्कॅन, डोस आणि आमची नोंदवही

मिरजेतील एका खासगी रुग्णालयाच्या सीटी विभागात मी टेक्नॉलॉजिस्ट म्हणून अनेक वर्षे काम करतो आहे. कामावर असताना माझ्या छातीवर एक छोटा बिल्ला असतो. त्याला आम्ही टीएलडी बॅज म्हणतो. दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जातो आणि त्या काळात माझ्या अंगावर किती किरणोत्सर्ग पडला याचा आकडा कागदावर येतो. एईआरबीने, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाने, आमच्यासाठी मर्यादा ठरवून दिली आहे: सलग पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्टच्या (हे किरणोत्सर्गाचा डोस मोजण्याचे एकक) आत, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. शिशाच्या काचेमागे बसणाऱ्या माझ्या नावापुढे जवळजवळ शून्यच येते. टेबलावर झोपणाऱ्या रुग्णासाठी मात्र अशी आकड्यातली मर्यादा नसते. तपासणीला वैद्यकीय कारण असावे आणि डोस गरजेपुरता असावा, एवढेच त्याच्या बाबतीत तत्त्व आहे. हा ‘गरजेपुरता’ नेमका किती, हे दिवसातून अनेकदा प्रत्यक्षात मीच ठरवत असतो, हे लक्षात यायला मला बरीच वर्षे लागली.

ते लक्षात आणून दिले जत भागातल्या एका प्राथमिक शिक्षिकेने. वय अडतीस, छातीत अधूनमधून दुखणे, घरात वडिलांना हृदयविकार. नाडी ८४ होती. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे मी तिच्या हृदयाचा सीटी स्कॅन एक्स-रे नळीला १२० किलोव्होल्टचा दाब देऊन, हृदयाच्या पूर्ण ठोकाभर किरण चालू ठेवून केला. चित्रे इतकी स्वच्छ आली की रेडिऑलॉजिस्ट मॅडमनी लगेच तोंडी निकाल दिला: रक्तवाहिन्यांत काहीही दोष नाही. हातातली औषधाची सुई, म्हणजे कॅन्युला, काढताना ताईंनी विचारले, “दादा, यात एक्स-रे किती निघाले असतील? माझ्या शाळेतल्या मॅडम म्हणत होत्या, शंभर निघतात.” मी नेहमीचे उत्तर दिले, की काळजी करण्यासारखे काही नसते. त्या गेल्यावर पडद्यावरचा डोसचा तक्ता मी पहिल्यांदाच नीट वाचला. डीएलपी, म्हणजे डोस आणि स्कॅनची लांबी यांचा गुणाकार, ११४० मिलिग्रे-सेंटीमीटर होता.

त्या संध्याकाळी मी तो आकडा छातीसाठी वापरल्या जाणाऱ्या ०.०१४ या गुणांकाने गुणला. सुमारे १६ मिलिसिव्हर्ट आले. निसर्गातून माणसाला मिळणारा किरणोत्सर्ग जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट धरला जातो. म्हणजे साडेसहा वर्षांहून अधिक काळाचा डोस आम्ही काही सेकंदांत दिला होता. (हृदयाच्या स्कॅनसाठी हा गुणांक कमी पडतो, तो ०.०२६ च्या आसपास घ्यावा, असे नंतरचे अभ्यास सांगतात. तसे केल्यास आकडा जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून पुढे मी मिलिसिव्हर्टच्या नादी न लागता यंत्राने दिलेला डीएलपीच लिहीत गेलो.) एका व्यक्तीच्या दृष्टीने हा धोका लहानच असतो, तरीही तो वय जितके कमी तितका अधिक धरतात, आणि स्त्रियांच्या बाबतीत स्तनाच्या ऊती थेट किरणांच्या वाटेत येतात. निरोगी निघालेल्या एका अडतीस वर्षांच्या बाईला इतके देण्याची गरज होती का, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी वही आणून रकाने आखले: वजन, नाडी, किलोव्होल्ट, पद्धत, स्कॅनची लांबी, डीएलपी. मॅडमनी वही पाहून एक शेवटचा रकाना जोडायला सांगितला, ‘कारण’. डीएलपी ५०० च्या वर गेला तर तो का गेला, हे तिथे लिहायचे. शिक्षिकाताईंची ओळ मी पहिली लिहिली. त्याच सुमारास मॅडमनी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक आंतरराष्ट्रीय अभ्यास मला समजावून सांगितला. त्यात ३२ देशांतल्या ६१ रुग्णालयांमधले ४५०२ रुग्ण होते आणि डीएलपीचा मध्यक १९५ होता. त्याच गटाने दहा वर्षांपूर्वीच्या स्कॅनची पाहणी केली तेव्हा तो ८८५ आला होता. मला अधिक खटकली ती दुसरी गोष्ट. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त डोस देणाऱ्या रुग्णालयांत ३७ पटींचा फरक होता. मानवी हृदय सगळीकडे साधारण एकाच आकाराचे असते, तेव्हा हा फरक हृदयाचा नव्हता, कन्सोलवर बसणाऱ्यांचा आणि त्यांच्या यंत्रांचा होता.

आमचे यंत्र ६४ स्लाइसचे, म्हणजे एका फेरीत ६४ काप घेणारे. त्याची एक फेरी ०.३५ सेकंदात पूर्ण होते आणि चित्र उभे करायला अर्धी फेरी पुरते, म्हणून एका चित्रासाठी साधारण १७५ मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ हृदय स्थिर मिळाले पाहिजे. झोपाळा टोकाला जाऊन क्षणभर थांबल्यासारखा वाटतो, तसे हृदयही प्रसरणाच्या उत्तरार्धात जवळजवळ स्तब्ध असते. मिनिटाला ६० ठोके असतील तर एका ठोक्याला १००० मिलिसेकंद मिळतात. ९० असतील तर ६६७. आकुंचनाला लागणारा वेळ फारसा कमी होत नाही, त्यामुळे कात्री लागते ती विश्रांतीच्या काळालाच. नाडी जलद असली की स्तब्ध क्षण कुठे सापडेल याची खात्री राहत नाही, आणि मग आमच्यासारखे लोक सोपा मार्ग धरतात: टेबल हळूहळू पुढे सरकवत, तोच भाग पुन्हा पुन्हा झाकत, पूर्ण ठोकाभर किरण चालू ठेवायचे आणि कोणता क्षण वापरायचा ते नंतर निवडायचे. याला रेट्रोस्पेक्टिव्ह पद्धत म्हणतात. न वापरलेल्या क्षणांचे किरणही रुग्णाच्याच अंगातून गेलेले असतात. दुसरी, प्रॉस्पेक्टिव्ह पद्धत अशी, की इसीजीतला उंच टोकाचा ठोका दिसला की यंत्र वाट पाहते, ठोक्याच्या साधारण ७५ टक्क्यांवर तेवढ्यापुरते किरण सोडते, टेबल चार सेंटीमीटरच्या आतबाहेर पुढे नेते, एक ठोका सोडून देते आणि पुन्हा तेच करते. चार टप्प्यांत हृदय संपते. डोस कित्येक पटींनी कमी होतो. पण एखादा ठोका चुकला, तर हाताशी पर्यायी क्षण उरत नाही.

त्यामुळे डोस कमी करण्याचे काम किरण सोडण्याच्या तासभर आधी, बाहेरच्या बाकावर सुरू होते, हे मला पहिल्याच महिन्यात कळले. रुग्ण एसटीने पहाटे निघालेला असतो, स्टँडवर उतरल्यावर कडक चहा घेतलेला असतो, आणि आमच्या दारातला किरणोत्सर्गाचा पिवळा फलक वाचूनच त्याची नाडी दहाने वाढलेली असते. आदल्या दिवशीच्या फोनवर “उपाशी या” एवढेच सांगितले जाई. चहा म्हणजे खाणे नव्हे, असे बहुतेकांचे प्रामाणिक मत असते. आता चहा-कॉफी नको, हे वेगळे वाक्य म्हणून सांगितले जाते. डॉक्टरांनी लिहून दिलेली, नाडी उतरवणारी मेटोप्रोलॉलची गोळी स्कॅनच्या तासभर आधी द्यायची, दमा असलेल्यांना ती चालत नाही म्हणून त्यांची चौकशी वेगळी करायची, काहींना आयव्हाब्रॅडिन द्यावे लागते, आणि नाडी ६० ते ६५ च्या आत येईपर्यंत थांबायचे. हे थांबणे सर्वांत अवघड होते. बाहेर पोटाचे, डोक्याचे स्कॅन खोळंबलेले, नातेवाईक दारात, आणि मी एका माणसाची नाडी ७२ वरून ६४ वर यायची वाट पाहत बसलेलो. व्यवस्थापनाने दोनदा विचारणा केली. मॅडमनी हृदयाचे स्कॅन सकाळच्या पहिल्या दोन तासांत एकत्र ठेवायला लावले, तेव्हा हा ताण सुटला.

रक्तवाहिन्या रुंदावण्यासाठी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतात. त्याआधी पुरुषांना व्हायग्रासारखी गोळी एक-दोन दिवसांत घेतली आहे का, हे विचारणे भाग असते, कारण दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो. हा प्रश्न एका काकांना मी त्यांच्या मुलासमोर आणि सुनेसमोर विचारला. त्यांनी “नाही” म्हटले, पण त्यांची नाडी ६२ वरून ८८ वर गेली आणि पुढे अर्धा तास खाली आली नाही. तेव्हापासून ही चौकशी आत, दार लावून होते.

श्वासाचीही अशीच गोष्ट. यंत्रातून ध्वनिमुद्रित सूचना येत, आणि त्या हिंदीत होत्या. “साँस रोकिए” असे छताकडून ऐकू आले की गावाकडच्या म्हाताऱ्या मावशी मान वळवून कोण बोलले ते पाहत. मान वळली की श्वास सुटे, आणि श्वास सुटला की चार टप्प्यांतल्या दोन टप्प्यांमध्ये जिन्याच्या पायरीसारखी फट पडे. मी माझ्या आवाजात मराठी सूचना भरल्या, आणि अथणी-कागवाडकडून येणाऱ्या रुग्णांसाठी आमच्या परिचारिकेने कन्नडमध्ये भरल्या. शिवाय टेबलावर झोपवल्यावर तीनदा सराव घ्यायचा, आणि सरावाच्या वेळी इसीजीच्या पडद्याकडे पाहायचे. श्वास रोखल्यावर चौथ्या-पाचव्या सेकंदाला बहुतेकांचे ठोके थोडे उतरतात. काहींचे मात्र, पोट आवळून जोर लावल्यामुळे, बिघडतात. त्यांना “छाती भरून घ्या, पण कुंथू नका” असे सरळ सांगावे लागते. कोणत्याही सभ्य शब्दाने हा परिणाम साधत नाही.

यानंतर किलोव्होल्टकडे वळलो. १२० ऐवजी १०० वर स्कॅन केला तर, बाकी सगळे तसेच ठेवून, डोस सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतो, कारण तो साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्यात आणखी एक फायदा असा, की हातातून सोडलेल्या औषधातले आयोडीन कमी ऊर्जेचे किरण अधिक शोषते, म्हणून रक्तवाहिन्या उलट अधिक उजळ दिसतात आणि औषधही थोडे कमी पुरते. तोटा हा, की चित्र दाणेदार होते. हा दाणेदारपणा, ज्याला आम्ही नॉइज म्हणतो, डोसच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो: तो निम्मा करायचा तर डोस चौपट द्यावा लागतो. देखण्या चित्राची किंमत अशी चढत जाते, हे आकड्यांत कळत होते, पण मॅडमच्या डोळ्यांना गुळगुळीत चित्रांची सवय होती. “असल्या रवाळ चित्रावर मी सही करणार नाही,” असे त्यांनी सुरुवातीला स्पष्ट सांगितले. मग त्यांनीच उपाय काढला. कोपऱ्यातली सर्व माहिती लपवून जुन्या आणि नव्या पद्धतीची दहा-दहा चित्रे मी त्यांच्यासमोर मिसळून ठेवली, आणि प्रत्येक रक्तवाहिनी वाचता येते का, एवढेच त्यांनी लिहिले. कोणती चित्रे नवी हे त्यांनी बहुतेक वेळा अचूक ओळखले; ती त्यांना आवडली नाहीत, पण वाचता आली. त्यानंतर चित्रातल्या महाधमनीत एक वर्तुळ टाकून नॉइज मोजायचा आणि तो ठरलेल्या पट्ट्यात असेल तर तक्रार करायची नाही, असा आमचा करार झाला. पुढे यंत्रात इटरेटिव्ह रिकन्स्ट्रक्शनची, म्हणजे गणिताने नॉइज कमी करून चित्र उभे करण्याची, सुविधा आली आणि दाणे बरेच निवळले, तरी वर्तुळ टाकण्याची सवय राहिली.

लांबीबद्दल फार सांगण्यासारखे नाही, पण लाज वाटण्यासारखे आहे. ‘काही राहून जायला नको’ म्हणून मी वर्षानुवर्षे वरून दोन-तीन आणि खालून दोन-तीन सेंटीमीटर जास्त घेत होतो. आधी होणाऱ्या कॅल्शियम स्कोअरच्या, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेले कॅल्शियम मोजण्याच्या, साध्या स्कॅनवर हृदयाची नेमकी सीमा दिसते. ती पाहून रेषा ओढायला अर्धे मिनिट लागते.

आकडे उतरू लागले तशी मला त्यांची चटक लागली, हे कबूल केले पाहिजे. रोज संध्याकाळी वही उघडून आजचा सर्वांत लहान आकडा मी शोधत असे. त्याच भरात एका रुग्णाचा स्कॅन बिघडला. दोन स्टेंट घातलेले गृहस्थ होते. स्टेंट आतून मोकळे आहेत का, हे पाहायचे होते. फाइलीत वजन ८४ किलो होते. माणूस समोर उभा असताना ते मला कमी वाटले होते. तरीही १०० किलोव्होल्टची आमची मर्यादा ९० किलोची असल्याने मी कागदावर विश्वास ठेवला, आणि खरे सांगायचे तर मला तो विश्वास ठेवायचाच होता. डीएलपी २९० आला. चित्रात स्टेंटच्या धातूची चकाकी आणि सभोवतालचे दाणे यांतून आतली पोकळी दिसेना. मॅडमनी पडद्यावर चित्राच्या उजळपणाचे सर्व पर्याय बदलून पाहिले आणि शेवटी म्हणाल्या, “हा रिपोर्ट होणार नाही. तुम्ही वाचवलेला डोस आणि दिलेला डोस, दोन्ही वाया गेले.” मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन पुन्हा तपासून, तीन दिवसांनी त्यांचा स्कॅन १२० वर करावा लागला, तेव्हा ५३० आले. दोन्ही मिळून ८२०, दोनदा औषध, दोनदा सुई, आणि गाडीभाडे वेगळे. दुसऱ्या खेपेला मी त्यांना वजनकाट्यावर उभे केले. ९७ किलो. फाइलीतला आकडा दोन वर्षांपूर्वीचा होता. रुग्णालयाने दुसऱ्या स्कॅनचे पैसे घेतले नाहीत, पण मी त्यांना घडले ते सांगितले तेव्हा ते इतकेच म्हणाले, की पहिल्याच दिवशी विचारले असते तर वजन खरे सांगितले असते.

‘कारण’च्या रकान्यात मी दोन्ही तारखांपुढे ‘वजन मोजले नाही’ असे लिहिले. काटा तेव्हापासून सीटीच्या दारातच आहे. सर्वांत लहान आकडा शोधण्याचे मी बंद केले आणि मॅडमच्या सांगण्यावरून वहीत आणखी एक खूण सुरू केली: रिपोर्ट पूर्ण झाला की डीएलपीच्या आकड्याला गोल करायचा. गोल नसलेला आकडा कितीही लहान असला तरी तो बचतीत धरायचा नाही.

कधीकधी हिशेब स्कॅन न करण्याकडेही झुकतो. एका निवृत्त एसटी चालकांचा कॅल्शियम स्कोअर इतका मोठा निघाला, की रक्तवाहिन्यांच्या भिंती पांढऱ्या काठीसारख्या दिसत होत्या. अशा कॅल्शियमची चकाकी आतला मार्ग झाकून टाकते. डोस वाढवून ती जात नाही. मॅडमनी तिथूनच हृदयरोगतज्ज्ञांना फोन केला आणि पुढचा टप्पा रद्द होऊन काकांची हातातून अँजिओग्राफी ठरली. मी औषध भरलेला इंजेक्टर रिकामा केला. त्याआधी मी असा स्कॅन पूर्ण केला असता, आणि कितीतरी वेळा केलाही होता, कारण कागदावर तो लिहिलेला होता.

गेल्या पावसाळ्यात एकाहत्तर वर्षांचे एक आजोबा आले. पूर्वी बायपास झालेली, वजन ८८, आणि नाडी मुळातच अनियमित, एट्रियल फिब्रिलेशन. गोळ्या देऊनही ठोके ७० पासून ११० पर्यंत कुठेही जात होते. बायपासच्या नळ्या वरपासून पाहायच्या असल्याने लांबीही जास्त घ्यावी लागणार होती. प्रॉस्पेक्टिव्ह पद्धतीने चार ठोके पकडून चालण्यासारखी स्थिती नव्हती. मी पूर्ण ठोकाभर किरण चालू ठेवले, किलोव्होल्ट १२० ठेवला आणि एकदाच, नीट, स्कॅन केला. डीएलपी ११०५ आला. सर्व नळ्या वाचता आल्या, एक बंद होती, आणि त्यावरच त्यांचे पुढचे उपचार ठरले. नातू बाहेर किरणांबद्दल विचारत होता. मी त्याला आकडा सांगितला, तो मोठा आहे हे सांगितले आणि या हृदयाला कमीमध्ये का भागले नसते, तेही ठोक्यांची पट्टी दाखवून सांगितले. वहीत आकड्याला गोल केला आणि शेवटच्या रकान्यात लिहिले: ‘ठोके अनियमित, बायपास, जास्त लांबी आवश्यक.’

मग पाने उलटून पहिली ओळ पाहिली. शिक्षिकाताईंचा आकडा यापेक्षा फक्त पस्तीसने जास्त होता. त्यांच्या ओळीतला कारणाचा रकाना कोरा आहे. तिथे आता काही लिहिता आले असते, पण ते त्या दिवशीचे कारण झाले नसते.